सागाच्या पानाखालचे चिकू

ते पत्र मीच लिहिले, हे आधी सांगून टाकतो. त्यातले सगळे खरे होते. आजही मी त्यातली एक ओळ बदलणार नाही. तरी ते लिहिले नसते तर बरे झाले असते, असे मला रोज वाटते.

माझे नाव शांताराम लडक्या धोडी. तलासरी तालुक्यात डोंगराकडच्या एका पाड्यात माझा जन्म. बाप भात आणि नागली करायचा. मी कृषी खात्यात सहायक म्हणून लागलो, पर्यवेक्षक होऊन डहाणूत निवृत्त झालो आणि इथेच स्टेशनच्या पूर्वेला घर केले. चौतीस वर्षे मी पिकेच बघितली. कोणते पीक कुठून आले, आपल्याकडे केव्हा रुजले, हे मला पाठ आहे. बटाटा बाहेरचा. टोमॅटो बाहेरचा. चिकूसुद्धा बाहेरचा. तो समुद्रापलीकडून आला आणि आमच्या घोलवड-बोर्डीकडे त्याच्या बागा झाल्या त्याला फार तर सव्वाशे वर्षे झाली असतील. आज लोक डहाणू म्हटले की चिकू म्हणतात, पण माझ्या आजाच्या आजाने चिकू बघितलेला नाही.

माझ्या या ज्ञानाचा त्रास एकाच माणसाला झाला. माझी बायको पुतळी. तिला ऐतिहासिक सिनेमे आणि मालिका फार आवडायच्या. तलवारी, घोडे, दरबार, राणीचे दागिने. भात चढवून ती टीव्हीसमोर बसायची आणि मी मागून सुरू व्हायचो.

"ते ताटात काय वाढलंय बघ. टोमॅटो. तीनशे वर्षांपूर्वी टोमॅटो कुठला?"

"राजा जेवतोय, जेवू दे त्याला."

"अगं पण नव्हताच टोमॅटो."

"मग उपाशी ठेवू काय त्याला? गप्प बसा ओ सायेब. एक दिवस तरी गप्प बसून बघा."

ती मला चिडवायला सायेब म्हणायची. मी ऑफिसात लागलो तेव्हापासून. मी कधी गप्प बसलो नाही. तिच्या पोटात गाठ निघाली, वलसाडच्या दवाखान्यात तिला ठेवले होते, तेव्हा ती माझ्या फोनवर कुठलीशी मालिका बघत होती. त्यात सैनिक मक्याची कणसे भाजत होते. मी म्हणालो, हा जो पिवळा मोठा मका आहे तो आपल्याकडे फार नंतर आला. तिने फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. ते मी विसरू शकत नाही.

श्रावणात ती गेली. आम्हाला मूल नाही. माझ्याकडे तिचे चार फोटो आहेत आणि चारही सरकारी कार्डांसाठी काढलेले. कोणी कॅमेरा समोर धरला की ती तोंडाला पदर लावायची. लोकांच्या लग्नाच्या व्हिडिओत ती दिसते ती पाठमोरी. ती चालायची कशी, बसायची कशी, हसताना मान कुठे वळवायची, हे आता फक्त मला आठवते आणि तेही हळूहळू पुसट होत आहे.

जानेवारीत उमेश माझ्याकडे आला. उमेश बँकेत आहे आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या भागातले इतिहास मंडळ चालवतो. सतीशिळा, जुन्या विहिरी, किल्ल्यांच्या भिंती यांचे फोटो काढून फिरतो. त्याने फोन पुढे केला.

"धोडीसाहेब, नवीन सिनेमा येतोय. आपल्याच किनाऱ्यावरची लढाई आहे, पोर्तुगीजांच्या वेळची. चिखल्याच्या किनाऱ्यावर शूटिंग झालं होतं बघा गेल्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबरात. ट्रेलर आलाय. काही खटकतं का सांगा."

सिनेमाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ट्रेलर दोन मिनिटांचा होता. घोडे, तोफा, पाण्यात उड्या. मध्येच दोन सेकंद एक बाजार. जमिनीवर टोपल्या, आणि पुढच्या टोपलीत चिकू. चांगले मोठे, तपकिरी, आजच्या कलमाचे चिकू. एका बाईचे हात त्यातला एक उचलतात, आणि लगेच पुढे तोफ उडते.

"चिकू!" मी म्हणालो.

"मला वाटलंच होतं," उमेश म्हणाला. "पण माझ्या बोलण्याला कोण विचारतं? तुम्ही लिहून द्या. तुम्ही त्या खात्यातले."

मी लिहून दिले. दीड पान. पूर्वी असे काही दिसले की मी पुतळीला सांगायचो, ती गप्प बसा म्हणायची आणि ते तिथेच संपायचे. आता घरात सांगायला कोणी नव्हते. म्हणून कागदावर लिहिले. चिकू कधी आला, कोणी आणला, तीनशे वर्षांपूर्वी त्या बाजारात काय असू शकले असते, सगळे लिहिले. केळी, करवंदे, आवळे, ताडगोळे, नागली, सुकी मासळी. शेवटी लिहिले की आमच्या माणसांचा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नाही, निदान जेवढा माहीत आहे तेवढा तरी नीट दाखवा.

त्या ओळीचा मला अभिमान वाटला होता.

उमेशने ते पत्र सगळ्या ग्रुपवर टाकले. मग ते मुंबईच्या एका पेपरात आले. मग कोणीतरी म्हणाले, चूक दुरुस्त केली नाही तर सिनेमा चालू देणार नाही. मी असे काही म्हणालो नव्हतो. आठ-दहा दिवसांत कंपनीने जाहीर केले की स्थानिक जाणकारांचा मान राखून बाजाराचा तो भाग काढून टाकण्यात येईल. उमेश पेढे घेऊन आला. मी एक खाल्ला.

शेजारची हर्षदा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या दोघांच्या घरांची भिंत एकच आहे. पुतळीचे आणि तिचे फार जमायचे. ती ट्रेनिंगला पुण्याला गेली होती. परत आली त्या संध्याकाळी दारात चप्पल न काढता उभी राहिली.

"काका, ते पत्र तुम्ही लिहिलंत?"

"हो. वाचलंस का?"

"आता वाचलं. काका, ती काकी आहे."

"कोण काकी?"

"आपली काकी. ते हात तिचे आहेत."

मला कळेना. तिने आत येऊन पाणी मागितले, प्यायली, आणि मग सांगितले. चिखल्याला शूटिंग होते तेव्हा गावातल्या बायका गर्दीसाठी हव्या होत्या. रविवार होता. हर्षदा आणि पुतळी दोघी गेल्या होत्या. पुतळीने मला सांगितले होते की ती तलासरीला बहिणीकडे, पुष्पाकडे जाते आहे.

"खोटं सांगून गेली?"

"तुम्हाला सांगू नको म्हणाली. म्हणाली, सायेबांना थेटरात नेऊन बसवणार. सगळा सिनेमा ते बडबडतील, पण मी आले की तोंड बंद होईल. एवढी एक मजा मला करू दे. नंतर ती आजारी पडली, काका. मग कुठला विषय काढणार? मला वाटलं, सिनेमा लागला की तुम्हाला मीच घेऊन जाईन. न सांगता. म्हणून बोलले नाही."

मी फोन काढला. ट्रेलर लावला, थांबवला. डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी भात कापताना विळा लागला होता, तेव्हापासून ती करंगळी सरळ झाली नाही. पत्र लिहिताना मी तो ट्रेलर आठ वेळा बघितला होता. आठही वेळा मी चिकूच बघितले होते.

"सिनेमात तोंड दिसतं का तिचं?" मी विचारले.

"दिसत असणार. कॅमेरा अगदी जवळ होता. तिला तर नीट बसवलं होतं पुढे. त्यांनी सगळ्यांना जरीची लुगडी दिली होती, घोट्यापर्यंत. काकी म्हणाली, बाजार करणारी बाई असं नेसून डोंगर उतरेल काय? आणि गुडघ्याच्या वर कासोटा मारून बसली. लुगडी नेसवणारी पोरगी खाली ओढायची, काकी वर ओढायची. आम्ही एवढं हसलो!"

सांगता सांगता ती रडायला लागली. मी तिला चहा करून दिला. माझ्या हाताला काम हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उमेशला फोन केला. सगळे सांगितले.

"साहेब, आता त्यांनी जाहीर केलंय. सिनेमा पंधरा दिवसांत लागणार."

"मी पत्र मागे घेतो."

"मागे घेतो म्हणजे काय लिहिणार? चिकू होता म्हणून?"

मी फोन ठेवला.

ही गोष्ट अमृतभाईंना कशी कळली ते माहीत नाही, पण डहाणूत गोष्टी कळतात. अमृतभाईंची चिखल्याला चिकूची मोठी वाडी आहे. त्यांचे घराणे मूळचे गुजरातचे, पण इथे चार पिढ्या झाल्या. शूटिंगचे चिकू त्यांच्याच वाडीतून गेले होते. माझ्या पत्रावर ते नाराज होते. तरी स्वतः स्कूटरवर आले.

"शांतारामभाई, पुतळीबेनचं ऐकलं. मन एकदम खराब झालं. हवे शुं करवानुं, आता काय करायचं, सांगा."

"काय करणार?"

"कंपनीचा माणूस माझ्या ओळखीचा आहे. अनिकेत. मी त्याच्याशी बोललो. तो म्हणतो, ज्या माणसाने तक्रार केली त्यानेच लिहून दिलं की चिकू होता, तर आम्ही ठेवू. त्यांना पण तो सीन काढायचा नाही. बे ओळी लिहायच्या. बस."

"अमृतभाई, तुमच्या पणजोबांनी इथे पहिली कलमं लावली, हे तुम्हीच मला सांगितलं होतं."

"हा, सांगितलं. पण पणजोबा काय सिनेमा बघायला येणार नाहीत."

मला हसू आले. ती गेल्यापासून बहुतेक पहिल्यांदा.

"शनिवारी तो येतो," अमृतभाई स्कूटरला किक मारत म्हणाले. "ना नका म्हणू. बाईमाणसाची एवढीशी आठवण आहे. त्यात कोणाचं काय जातं?"

त्या तीन दिवसांत मी खूप विचार केला. मी आयुष्यात खोटा कागद केला नाही, असे मी नेहमी म्हणायचो. कोणाच्या शेतात पाऊण एकर भात असेल तर पाऊणच लिहायचो, समोरचा कितीही गयावया करू दे. पण आता वाटायला लागले की त्याचा कोणाला काय उपयोग झाला? आणि हे दोन ओळींचे खोटे, ते लिहिल्याने एक बाई पडद्यावर दिसणार होती. कोणाचे शेत जाणार नव्हते. बघणाऱ्या हजारात एखादा चिकू ओळखणार, तोही विसरणार. शुक्रवारी रात्री जेवताना मी ठरवले की सही करायची. तसे ठरवल्यावर बरे वाटले. तिच्या फोटोपुढे जाऊन तसे सांगितले देखील.

शनिवारी दुपारी अनिकेत आला. तिशीतला, डोळ्यांना जाड चष्मा, बोलायला चांगला. बरोबर अमृतभाई. उमेशला मीच बोलावले होते. हर्षदाची शाळा सकाळची असते, तीही आली. पुढच्या खोलीत आम्ही पाच जण बसलो. अनिकेतने छापून आणलेला कागद टेबलावर ठेवला. त्यावर लिहिले होते की अधिक तपास केला असता सदर काळात या किनाऱ्यावर चिकूची लागवड होत असल्याचे मला आढळून आले आहे. खाली माझे नाव, सहीला जागा.

"काका, मला फार वाईट वाटलं ऐकून," अनिकेत म्हणाला. "आमच्या हातात असतं तर प्रश्नच नव्हता. पण वकिलांनी सांगितलंय, वाद अंगावर घ्यायचा नाही. हा कागद असला की वाद संपतो."

"ते चिकू बदलता येत नाहीत का?" हर्षदाने विचारले. "आता कॉम्प्युटरवर काय वाट्टेल ते करतात. चिकूचे आवळे करा."

"करता येतं ताई. पण काकींचे हात सारखे फळांवरून फिरतायत, ते किचकट काम आहे. दहाच दिवस राहिलेत. एवढ्याशा शॉटसाठी कोणी करणार नाही. कापणं सोपं."

मी उमेशकडे बघितले. तो खाली मान घालून बसला होता.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्ही सही करा. मंडळाची काही हरकत नाही. मी कुठे बोलणार नाही."

"तुला माहीत आहे ना खोटं आहे ते?"

"माहीत आहे. पण माझ्या आईच्या बाबतीत असतं तर मी पण केली असती."

सगळे तयार होते. मीही होतो. पेन हातात घेतले आणि म्हणालो, "आधी मला दाखवा."

अनिकेतने लॅपटॉप उघडला. चित्रावर कंपनीच्या नावाची आडवी अक्षरे होती, ती काढता येत नव्हती. आवाज नव्हता. सात सेकंदांचा तुकडा.

जांभळ्या जरीच्या लुगड्यात पुतळी बसली होती, कासोटा गुडघ्याच्या वर. समोर टोपली, शेजारी सागाच्या पानांची चवड. गिऱ्हाईक झालेला एक माणूस हात पुढे करून उभा. तिने टोपलीतला एक चिकू उचलला. ट्रेलरमध्ये इथेच तोफ उडते. इथे मात्र ती पुढे दिसत राहिली. तिने चिकू परत टोपलीत ठेवला. चवडीतले एक पान घेतले आणि चिकूंवर घातले. मग दुसरे. गिऱ्हाईकाचा हात तसाच पुढे. मग बाजूने घोडा गेला, तिने मान वर केली, उजवीकडे वळवली, आणि हसू दाबताना ती जसे ओठ मिटायची तसे मिटले. संपले.

"परत लावा," मी म्हणालो.

त्याने परत लावले. मी हात बघितले, पाने बघितली. आमच्या डोंगराकडच्या बायका करवंदे, जांभळे घेऊन बाजाराला उतरतात तेव्हा टोपलीवर सागाची पाने घालतात, माल उन्हाने सुकू नये म्हणून. पण बाजारात बसले की पाने काढायची. गिऱ्हाईक समोर हात पुढे करून उभे असताना कोणी टोपली झाकत नाही. उलट उघडी करते. पुतळीने लग्नाआधी आईबरोबर कितीतरी बाजार केले होते. तिला हे शिकवायची गरज नव्हती.

ती चिकू लपवत होती.

"हर्षदा," मी म्हणालो, "ती पानं कोणी दिली होती?"

"काकीनेच आणली. रस्त्याच्या कडेच्या सागाची. म्हणाली, टोपली उघडी बरी दिसत नाही."

"चिकूबद्दल काही म्हणाली का? माझं नाव घेऊन?"

हर्षदाने बराच विचार केला. "नाही आठवत काका. मी दोन टोपल्या सोडून केळी घेऊन बसले होते. ऊन फार होतं, त्यासाठीही झाकली असेल. हो म्हणता आलं असतं मला. पण खरंच आठवत नाही."

मी पेन टेबलावर ठेवले.

"काय झालं?" अमृतभाई म्हणाले.

"मी सही करणार नाही."

"अरे! आत्ता तर..."

"तिला माहीत होतं चिकू चुकीचा आहे. मी तिला शंभर वेळा सांगितलं होतं. ती झाकत होती. मी लिहून दिलं की चिकू होता, तर तिने झाकलं कशासाठी?"

"पण हे कोणाला समजणार, भाई? बघणाऱ्याला बाई दिसणार, टोपली दिसणार."

"मला समजलं ना."

अमृतभाई उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "तुम्हाला बायको मोठी की चिकू मोठा? स्पष्ट बोलतो, राग मानू नका. असं सोन्यासारखं माणूस पडद्यावर येतंय आणि तुम्ही हिशेब लावताय पानांचा. पुतळीबेन बरोबर म्हणत असेल, तुम्हाला गप्प बसताच येत नाही!"

ते खरेच होते. मी एक कोरा कागद घेतला आणि त्यावर लिहिले: "चिकूबाबत मी लिहिले ते बरोबर आहे. सिनेमातला बाजार चुकीचा आहे. तरीही तो काढू नये, अशी माझी विनंती आहे, कारण त्यात माझी बायको आहे." खाली सही केली आणि अनिकेतला दिला.

त्याने वाचला. दोनदा वाचला असावा. "काका, हे मी वकिलांना दाखवू शकत नाही. यात तर तुम्ही चूक पुन्हा लिहून दिलीय."

"मला एवढंच लिहिता येतं."

"मग शॉट जाईल."

"तो तुकडा मला मिळेल का? फोनमध्ये?"

जन्मात पहिल्यांदा मी कोणाला नियम मोडायला सांगत होतो. तो लॅपटॉपकडे बघत म्हणाला, "आत्ता दिला तर माझी नोकरी जाईल काका. सिनेमा लागून जाऊ दे, मग बघतो."

हर्षदा म्हणाली, "निदान नाव तरी टाका तिचं. शेवटी नावं येतात त्यात."

"गर्दीतल्यांची नावं नसतात ताई. आणि शॉटच नाही तर नाव कशाचं?"

अमृतभाई आणि उमेश निघून गेले. अनिकेतची गाडी पाचला होती. मी त्याला म्हणालो, तोपर्यंत परत परत लावा. तो लावत राहिला. हर्षदाने चहा आणला, तो गार झाला. मी सुरुवातीला हात बघितले, मग मान, मग शेवटी फक्त ओठ बघितले. नवव्या वेळेनंतर त्याने हळूच लॅपटॉप मिटला.

तो गेल्यावर मी विचार करत बसलो. कशाच्या आधारावर मी हे केले? दोन पाने आणि एक पुढे केलेला हात. ऑफिसात कोणी एवढ्या पुराव्यावर अहवाल आणला असता तर मी परत पाठवला असता. उन्हासाठी झाकली असेल. टोपली तिला उघडी बरी दिसली नसेल. मला हवे होते ते मी तिच्या हातात बघितले, आणि त्यासाठी तिलाच काढून टाकले. असेही असू शकते. ते विचारायला आता कोणी नाही.

फेब्रुवारीत सिनेमा लागला. मला जायचे नव्हते. हर्षदा म्हणाली, काकीने ठरवलं होतं तुम्हाला न्यायचं, म्हणून चला. आम्ही बोईसरला गेलो. थिएटर भरलेले होते. लोक शिट्ट्या मारत होते.

अडीच तास मी एक शब्द बोललो नाही. राजाच्या ताटात बटाटे होते. हर्षदाने माझ्याकडे बघितले. मी समोर बघत राहिलो. डोंगरातल्या बायका एका सुरात जयजयकार करत होत्या आणि सगळ्यांची लुगडी घोट्यापर्यंत होती. मी काही बोललो नाही. बाजार आला. घोडा बाजारात शिरला, आणि लगेच पलीकडच्या टोकाला बाहेर पडला. मध्ये काहीतरी होते हे कोणाला कळले नाही. शेजारचा माणूस पॉपकॉर्न खात होता. हर्षदाने माझा हात धरला.

शेवटी नावे सुरू झाली. लोक उठून चालू लागले. आम्ही बसून राहिलो. शेकडो नावे वर वर जात होती. घोडे सांभाळणारे, जेवण देणारे, गाड्या चालवणारे. अगदी शेवटी विशेष आभार आले. आमदार, ग्रामपंचायत, अमृतभाई, आणि त्यांच्या खाली:

इतिहासतज्ज्ञ श्री. शांताराम धोडी.

"काका! तुमचं नाव!" हर्षदा म्हणाली.

"चुकीचं आहे," मी म्हणालो.

"काय चुकलं?"

मी सांगितले नाही. मी इतिहासतज्ज्ञ नाही, मी पिकांचा माणूस आहे. पण मला ते म्हणायचे नव्हते. तिथे नाव तिचे हवे होते. पडदा काळा झाला, दिवे लागले, झाडूवाला आला. आम्ही उठलो.

त्या तुकड्यासाठी मी अनिकेतला तीनदा फोन केला आहे. तो चांगला बोलतो. बघतो, म्हणतो.